कापड, दोरी आणि घडी

(हुतात्मा बाबू गेनू यांच्या स्मृतिदिनी, 12 डिसेंबर रोजी मंचर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कांद्याच्या लागणीचे दिवस आहेत. दिवसभर वाफ्यात वाकून पाठ भरून आलेली असताना तुम्ही या खुर्च्या भरल्यात, त्याबद्दल आधी तुमचे आभार. मागच्या रांगेतल्या मंडळींना मळ्यात परत जायचंय आणि वाटेला ऊस आहे, हेही मला ठाऊक आहे. बिबट्याला व्याख्यानाची वेळ कळत नाही. तेव्हा वेळेत संपवतो.

पत्रिकेवर माझा विषय ‘राष्ट्रध्वजाचा सन्मान’ असा छापलाय. विषय फार भारदस्त झाला. मी काही घटनातज्ज्ञ नाही. मी पीटीचा मास्तर. चौतीस वर्षं शाळेत काढली. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट अशी वर्षाला तीन झेंडावंदनं धरली, तर शंभरावर झेंडे या हातांनी बांधले. त्यामुळे मला सन्मानाबद्दल थोडं आणि झेंड्याबद्दल जास्त माहीत आहे.

म्हणून विषयाचे तीन तुकडे करतो. पहिला कापड. दुसरा दोरी. तिसरा घडी. झेंडा कशाचा, झेंडा चढतो कसा आणि उतरल्यावर त्याचं होतं काय. पहिल्या दोन गोष्टींवर आपण बोलतो. तिसरीवर कोणी बोलत नाही. मला मात्र खरं बोलायचंय ते तिसरीवरच.

सुरुवात कापडापासून.

आज 12 डिसेंबर. 1930 साली याच तारखेला मुंबईत काळबादेवीच्या रस्त्यावर विलायती कापडाने भरलेली एक लॉरी निघाली होती. तिच्यापुढे बावीस वर्षांचे एक गिरणी कामगार आडवे झाले. लॉरी थांबली नाही. ते कामगार आपल्या तालुक्यातले, महाळुंगे पडवळचे. बाबू गेनू सैद. इथून मोटारसायकलला किक मारली तर अर्ध्या तासात त्यांच्या गावात पोचाल. डिंभ्याच्या जलाशयाला त्यांचं नाव आहे. म्हणजे कालव्याला पाणी सुटतं तेव्हा एका अर्थी त्यांच्याच नावाचं पाणी तुमच्या कांद्याला लागतं.

आता मला सांगा, बाबू गेनू कशासाठी मेले? आपण पटकन म्हणतो, देशासाठी. बरोबर आहे. पण त्या दिवशी, त्या रस्त्यावर, त्या क्षणी समोर काय होतं? कापड होतं. गठ्ठ्यात बांधलेलं, विकायला निघालेलं कापड. मँचेस्टरचं कापड येतं म्हणून आपला विणकर उपाशी राहतो, हे फारसं न शिकलेल्या पोरालाही कळत होतं. त्या पिढीला देश कापडात दिसत होता.

आणि म्हणूनच आपला झेंडा निव्वळ तीन रंगांचा नाही. तो एका विशिष्ट कापडाचा आहे, निदान होता. 22 जुलै 1947 ला घटना समितीने झेंडा मंजूर केला. पंडित नेहरूंनी ठराव मांडला, त्यात मधलं निळं चक्र हे चरख्याचं प्रतिनिधी आहे असं म्हटलं होतं. आपण चक्राकडे बघतो तेव्हा सम्राट अशोक आठवतो, सारनाथ आठवतं, चोवीस आरे मोजतो. पण ठरावात चरखाही आहे. सूत कातायचं चाक आहे. सभागृहात त्या दिवशी दोन झेंडे दाखवले, एक रेशमी खादीचा आणि एक सुती खादीचा. देश स्वतंत्र व्हायला तीन आठवडे राहिलेत, फाळणीचा वणवा पेटलाय, आणि सभागृहात पोत दाखवलं जातंय! मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

एक गंमत सांगतो. सिमेंटपासून प्रेशर कुकरपर्यंत सगळ्याला आपल्याकडे भारतीय मानक असतं, त्याला आयएस क्रमांक असतो. त्यातला पहिला क्रमांक कशाचा? पोलादाचा? विजेच्या तारेचा? नाही. आयएस 1 म्हणजे राष्ट्रध्वज. 1951 सालचं मानक. स्वतंत्र देशाने मोजमापं ठरवायला घेतली तेव्हा सगळ्यात आधी आपला झेंडा मोजला. लांबी-रुंदीचं प्रमाण तिनास दोन. मापं ठरलेली नऊ, सगळ्यात मोठं 6300 बाय 4200 मिलिमीटर आणि सगळ्यात लहान 150 बाय 100. शाळेत आपण लावतो तो साधारण 900 बाय 600चा, म्हणजे तीन फूट बाय दोन फूट. त्यावरचं चक्र किती? 185 मिलिमीटर. मनाला येईल तेवढं नाही.

हे कापड कुठे तयार होतं? लोकांना वाटतं दिल्लीत. कर्नाटकात हुबळीजवळ बेंगेरी इथे खादी संघाचं मोठं केंद्र आहे, त्याचं कापड धारवाड आणि बागलकोटच्या खेड्यांतून येतं. आणि आपल्या महाराष्ट्रात? नांदेडला. मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती वर्षानुवर्षं झेंडे शिवते. ज्या मराठवाड्यात 1947 साली तिरंगा लावणं हा निजामाच्या लेखी गुन्हा होता, त्याच मराठवाड्यात आज झेंड्याला टाका पडतो. इतिहास कधीकधी असा गोड सूड घेतो.

आता कडू भाग. 30 डिसेंबर 2021 ला ध्वजसंहिता बदलली. हातानं कातलेल्या, हातानं विणलेल्या कापडाबरोबर यंत्रावरचं आणि पॉलिस्टरचं कापडही चालेल असं ठरलं. पुढच्या ऑगस्टमध्ये ‘हर घर तिरंगा’ आला आणि आपल्या वाडीवस्तीवर, गोठ्यावर, ट्रॅक्टरच्या शेडवर झेंडा लागला. चांगलं की वाईट?

मी दोन्ही बाजू सांगतो. खादीचा झेंडा महाग पडतो. मजुरी करणाऱ्या घराला तो झेपत नाही. ज्याला आयुष्यात कधी स्वतःच्या घरावर झेंडा लावता आला नाही त्याला तो लावता आला, यात वाईट काय? पॉलिस्टर पावसात टिकतं, रंग पटकन उडत नाही. हे सगळं खरं. पण दुसरी बाजूही खरी. झेंडा ज्या हातांनी व्हायचा ते हात रिकामे झाले. आणि ज्या कापडामुळे आपला झेंडा जगातल्या इतर झेंड्यांपेक्षा वेगळा होता, ते कापड आता ऐच्छिक झालं.

बाबू गेनू आज असते तर काय म्हणाले असते? मी सांगणार नाही. गेलेल्या माणसाच्या तोंडी आपली मतं घालणं हा आपल्याकडचा मोठा रोग आहे. एवढंच म्हणतो, की झेंडा विकत घेताना कडेची शिलाई बघा, प्रमाण बघा, चक्र गोल आहे का अंडाकृती ते बघा. बैल घेताना दात बघता ना? मग झेंडा घेताना निदान शिवण बघा.

आणि प्लॅस्टिकचा झेंडा? तो घेऊच नका. केंद्राचं गृहखातं वेळोवेळी राज्यांना हेच सांगत आलंय. कागदाचा झेंडा लहान पोराच्या हातात द्यायला संहितेची हरकत नाही, फक्त तो नंतर रस्त्यावर पडता कामा नये. प्लॅस्टिक कुजत नाही, म्हणजे त्याचा अपमानही कुजत नाही. गटारात पडलेला तो झेंडा पुढच्या 15 ऑगस्टपर्यंत गटारातच असतो.

झालं कापड. आता दुसरा मुद्दा, दोरी.

दोरी ओढायचा हक्क आपल्याला फुकट मिळाला असं वाटतं ना? 1923 सालचं नागपूर आठवा. त्या वेळचा चरख्याचा झेंडा घेऊन गोऱ्यांच्या सिव्हिल लाइन्समध्ये जायचं नाही, असा हुकूम होता. लोक म्हणाले, जाणार. जमनालाल बजाज पुढे होते, त्यांना अटक झाल्यावर वल्लभभाई पटेलांनी सूत्रं घेतली. एक तुकडी जायची, पकडली जायची, दुसऱ्या दिवशी दुसरी. असे हजाराहून जास्त लोक तुरुंगात गेले. मागणी काय होती? राज्य? पगार? जमीन? नाही. एका रस्त्यावरून झेंडा घेऊन चालत जायचं. बस्स.

पुढे 1942. तारीख 9 सप्टेंबर. सातारा जिल्ह्यात वडूजच्या कचेरीवर तिरंगा लावायला मोर्चा निघाला, गोळीबार झाला, हातात झेंडा घेतलेले परशुराम घार्गे पडले आणि त्यांच्यासह नऊ जण गेले. त्याच दिवशी, त्याच तारखेला, तिकडे खानदेशात नंदुरबारला झेंडा घेतलेल्या शिरीषकुमारला गोळ्या लागल्या. वय पंधरा. म्हणजे नववी-दहावीतला पोरगा. माझ्या वर्गात ज्या वयाची पोरं कवायतीला उशिरा आली म्हणून मी उन्हात उभी करायचो, त्या वयाचा.

आणि हे सगळं झाल्यावर, स्वातंत्र्य मिळाल्यावर, काय झालं ते ऐकून नव्या पिढीला नवल वाटेल. ठरावीक राष्ट्रीय दिवस सोडले तर साध्या नागरिकाला स्वतःच्या घरावर, दुकानावर रोज झेंडा लावायला मोकळीक नव्हती! ती मिळाली 26 जानेवारी 2002 पासून, नव्या ध्वजसंहितेने. त्याआधी नवीन जिंदाल नावाच्या उद्योजकाने कारखान्यावर झेंडा लावण्यावरून कोर्टाची पायरी चढली होती. 23 जानेवारी 2004 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की मानाने झेंडा फडकवणं हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. मानाने! हा शब्द विसरू नका. हक्काला तो जोडूनच आलाय. 2022 च्या जुलैपासून तर घरावरचा झेंडा रात्रीही ठेवता येतो. पूर्वी सूर्यास्ताला उतरवावाच लागायचा.

आता दोरीच्या प्रत्यक्ष कामाकडे येतो. इथे माझी फजिती सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

माझ्या नोकरीचं तिसरं-चौथं वर्ष. 26 जानेवारी. मोठे पाहुणे आलेले. झेंडा मी आदल्या दिवशी संध्याकाळीच घडी घालून, आत गुलाबाच्या पाकळ्या भरून, खांबाच्या टोकाला चढवून ठेवला होता. पाकळ्या भरायला संहितेची हरकत नाही बरं का, हे मुद्दाम सांगतो. पाहुण्यांनी दोरी ओढली. झेंडा हलला नाही. पुन्हा ओढली. खांब हलला, झेंडा नाही. बँडवाली पोरं श्वास धरून उभी. तिसऱ्यांदा पाहुण्यांनी माझ्याकडे बघितलं. मी वर बघितलं. आणि मला कळलं, मी सुरगाठीऐवजी निरगाठ मारली होती.

शेवटी मी झेंडा खाली घेतला, गाठ दाताने सोडवली, पुन्हा बांधून चढवला. सात मिनिटं लागली. त्या सात मिनिटांत माझे केस पांढरे झाले असते, पण तेव्हा तरणा होतो.

त्या दिवशी संध्याकाळी आमच्या शाळेचे शिपाईमामा मला म्हणाले, “सर, वरची गाठ सुटायसाठी असते. बांधताना सोडणाऱ्याचा विचार करावा.” आयुष्यात मी पुष्कळ व्याख्यानं ऐकली. यापेक्षा मोठं वाक्य ऐकलं नाही.

मामांनी मला दोरी शिकवली. झेंड्याच्या काठीकडच्या बाजूला जाड कापडाचा नेफा असतो, लेंग्याला असतो तसा. त्यातून दोरी घालायची. वरच्या टोकाला लाकडी गुल्ली, खालच्या टोकाला फास. गुल्ली वर म्हणजे केशरी वर. अंधारातसुद्धा बोटांना गुल्ली लागली की केशरी कुठला ते कळतं. झेंडा उलटा लागण्याचे प्रसंग होतात ना, ते द्वेषाने होत नाहीत, गुल्ली न चाचपल्याने होतात. कप्पीला तेल आहे का, दोरीला काजळी धरलीय का, हे दोन दिवस आधी बघायचं. आणि एकदा रिकामी दोरी ओढून बघायची.

नियम तुम्हाला शाळेत शिकवले आहेत, भराभर उजळणी करतो. केशरी वर. उभा टांगला तर केशरी बघणाऱ्याच्या डाव्या हाताला. त्याच्याहून उंच किंवा त्याच्या बरोबरीने दुसरा कुठलाही झेंडा नको, मग तो पक्षाचा असो, मंडळाचा असो की आपल्या लाडक्या संघाचा. खांबाच्या टोकावर हार नको. त्याच्यावर काही लिहायचं नाही, सहीसुद्धा नाही. जमिनीला, पाण्याला टेकू द्यायचा नाही. फाटका, मळका लावायचा नाही. मोटारीच्या टपावर, बॉनेटवर पांघरायचा नाही. वक्त्याच्या टेबलावर अंथरायचा नाही. व्यासपीठावर ठेवायचा तर वक्त्याच्या उजव्या हाताला. (आयोजकांनी मला दुपारी विचारलं होतं, टेबलावर फुलदाणीत छोटा तिरंगा ठेवू का? मी म्हटलं, नको. फुलदाणी फुलांना असू द्या.) जाणूनबुजून अपमान केला तर 1971 च्या कायद्याने तीन वर्षांपर्यंत तुरुंग आहे.

पण या नियमांच्या गर्दीत एक नियम असा आहे, की तो कळला तर बाकीचे आपोआप कळतात. संहिता म्हणते, झेंडा चढवताना झपाझप चढवा आणि उतरवताना सावकाश, समारंभाने उतरवा.

चढताना वेगाने. उतरताना सावकाश.

आता छातीवर हात ठेवून सांगा, आपण काय करतो? बरोबर उलटं! चढवताना पाहुणे, प्रास्ताविक, सत्कार, नारळ, बँड, लेझीम, भाषणं, खाऊ. आणि उतरवताना? कोण असतं तिथे? उतरवतं कोण? कधी? पाहिलंय तुम्ही? या सभागृहात हात वर करायला सांगितलं तर किती हात येतील? नको, नको, वर करू नका. माझाही हात पहिली काही वर्षं वर आला नसता.

तर आला आपला तिसरा मुद्दा. घडी.

एक 15 ऑगस्ट सांगतो. श्रावणाची झड लागली होती. दुपारपर्यंत शाळा रिकामी झाली. मैदानात खाऊचे कागद, चिखल आणि मध्ये एकटा खांब. मी काही विसरलो होतो म्हणून संध्याकाळी परत गेलो. बघतो तर मामा खांबापाशी उभे. चपला बाजूला काढलेल्या. टोपी डोक्यावर, अंगात सकाळचाच इस्त्रीचा सदरा. कोणी बघत नव्हतं. त्यांनी दोरी सोडली आणि झेंडा हळूहळू खाली घेतला, विहिरीतून काठोकाठ भरलेली बादली वर घ्यावी इतक्या सावधपणे, फक्त उलट्या दिशेने. खाली येताच डाव्या हातावर झेलला. कापडाचं टोक चिखलाला लागलं नाही.

झेंडा ओला होता. मामांनी त्याची घडी घातली नाही. त्यांनी तो रिकाम्या वर्गात नेला, आत दोरी बांधलेलीच होती, तिच्यावर पसरला. मी म्हटलं, “मामा, बाहेर व्हरांड्यात वारा आहे की.” ते म्हणाले, “तिथं माझा टॉवेल वाळतोय, सर.” एवढंच. टॉवेलाशेजारी झेंडा वाळत घालायचा नाही, हे त्यांना कुठल्या संहितेने सांगितलं होतं? ओल्या कापडाची घडी घातली तर आठ दिवसांत त्यावर बुरशीचे काळे ठिपके पडतात, हेही मला त्या दिवशी समजलं. दुसऱ्या दिवशी पूर्ण वाळल्यावर त्यांनी मला हाक मारली. एकट्याने घडी नीट होत नाही.

दोघांनी चार टोकं धरली. झेंडा आडवा, जमिनीला समांतर, खाटेसारखा ताणलेला. आधी केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याच्या खाली दुमडायचा, म्हणजे वर फक्त पांढरा राहतो. मग दोन्ही बाजूंनी पांढरा आत घ्यायचा, चक्राच्या अलीकडे आणि पलीकडे. शेवटी चौकोनी घडी उरते. वर चक्र, आणि कडेने केशरी-हिरव्याची किनार. ती घडी तळहातांवर घेऊन न्यायची, काखेत मारून नाही. मामांच्या पत्र्याच्या पेटीत खाली धुतलेलं धोतर अंथरलेलं होतं. त्या पेटीत खडू नव्हते, डस्टर नव्हतं, हिशेबाच्या वह्या नव्हत्या. फक्त झेंडा.

माझ्या आयाबहिणींना एक गोष्ट लगेच कळेल. आपल्या घरात कुठल्या कापडाचा जन्म एका वापरात संपतो? लुगडं जुनं झालं की त्याची गोधडी. गोधडी विरली की पायपुसणं. धोतराचं फडकं, फडक्याची चिंधी, चिंधीची वात. कापड वाया घालवायचं नाही, ही आपली रीत. मग झेंडा? त्याला दुसरा उपयोगच नाही. तो गाडी पुसायला चालत नाही, उशीला चालत नाही, पिकावर बुजगावण्याला चालत नाही. झेंडा हे घरातलं एकच कापड असं, की ज्याचा शेवट झेंडा म्हणूनच व्हायला लागतो. म्हणून त्याचा शेवट सांभाळावा लागतो.

तो कसा? संहिता म्हणते, फाटलेला किंवा खराब झालेला झेंडा इकडे तिकडे टाकू नका. तो अखंड, एकांतात, शक्यतो जाळून किंवा मान राखला जाईल अशा दुसऱ्या रीतीने नष्ट करा. तुकडे करून नाही. लोक गोळा करून नाही. मोबाइलवर फोटो काढून तर मुळीच नाही. एकांतात! आपल्याला हे नवीन आहे का? देवघरातल्या निर्माल्याचं आपण काय करतो? ते कचऱ्यात टाकतो का? घरातला माणूस गेल्यावर गर्दी आवरून शेवटचं काम चार घरची माणसंच करतात ना? वारकऱ्याला विचारा. पताका मुक्कामाला भिंतीशी उभी करतो, पायदळी येऊ देत नाही. त्याला कोणी कायदा दाखवत नाही. आपल्याला हे सगळं येतं. फक्त तिरंगा सरकारचा आहे असं वाटून आपण ते ज्ञान त्याला लावत नाही.

आणि इथे पॉलिस्टरकडे परत यावं लागतं. सुती झेंडा जळतो, त्याची राख होते, ती मातीत मिसळते. पॉलिस्टर नुसतं जळत नाही, वितळतं. काळे थेंब गळतात, उग्र धूर होतो. मानाने निरोप देता येणार नाही अशा कापडाचा झेंडा आपण घराघरावर लावला आहे. लावायला सोपा आणि निरोपाला अवघड. ग्रामपंचायतीने, नगरपंचायतीने, शाळेने याची काही सोय करायला हवी. जुने झेंडे गोळा करायला एक स्वच्छ पेटी ठेवली, तरी पुष्कळ झालं.

जपणुकीनं काय होतं, ते बघायचं असेल तर पुण्याला केसरीवाड्यात जा. मादाम कामांनी 22 ऑगस्ट 1907 ला जर्मनीत स्टुटगार्टच्या परिषदेत फडकवलेला झेंडा तिथे आहे. तिरंग्याच्या आधीचा, कमळांचा. इंदुलाल याज्ञिकांनी तो परदेशातून लपवून आणला. स्टुटगार्टचं भाषण हवेत विरलं, श्रोते गेले, मादाम कामा गेल्या. कापड राहिलं. का राहिलं? कोणीतरी त्याची घडी घातली. कोणीतरी ती घडी कुठल्या तरी पेटीच्या तळाशी ठेवली. फडकवणाऱ्यांचं नाव इतिहासात जातं, पण झेंडा इतिहासात पोचतो तो घडी घालणाऱ्यामुळे.

शेवटची एक घडी राहिली. तिच्याबद्दल जपून बोलतो, कारण या सभागृहात जवानांच्या घरची माणसं असू शकतात. शहीद जवानाच्या पार्थिवावर तिरंगा असतो. केशरी रंग डोक्याकडे. पण तो झेंडा चितेवर जळत नाही, खड्ड्यात पुरला जात नाही. अग्नी देण्याआधी तो काढतात, त्याची घडी घालतात आणि ती घरच्यांच्या हातात देतात. शरीर आगीला, झेंडा आईच्या ओंजळीत. त्या घडीचं वजन किती असेल? तराजूत घातलं तर काही शे ग्रॅम. ज्या आईने ती घेतली तिला विचारायला जाऊ नका. फक्त पुढच्या वेळी झेंड्याची घडी घालताना ती आठवा. मग कोपऱ्यात कोंबायला हात धजणार नाही.

मित्रांनो, समारोप करतो. कापड कुणाच्या हातचं आहे ते बघा. दोरी बांधताना सोडणाऱ्याचा विचार करा. आणि घडी घालायला थांबा. माझं व्याख्यान एवढंच.

एक विनंती मात्र आहे. दीड महिन्यात 26 जानेवारी येते. सकाळच्या झेंडावंदनाला तुम्ही याल, याची मला खात्री आहे, खाऊ असतो. मी सांगतोय संध्याकाळचं. सूर्य मावळायच्या थोडं आधी, म्हणजे सव्वासहाच्या सुमाराला, आपापल्या गावातल्या शाळेच्या नाहीतर चावडीच्या मैदानात जा. पाहुणे नसतील, माइक नसेल, बँड नसेल. खांबापाशी एक शिपाई असेल, चपला बाजूला काढून उभा. त्याला चार टोकांपैकी दोन टोकं धरायला माणूस लागतो.